माउस इथं, रंग तिथं

मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला चांगली बाई समजून वाचायला नको. लहानपणी शेजारच्या मुलीला नवं दप्तर आणलं की मला ताप यायचा, असं आई सांगते. ताप खरंच यायचा की नाही देव जाणे, पण ते दप्तर मला आजही आठवतं. निळं होतं आणि त्याला दोन कप्पे होते.

बारा वर्षं झाली, मी सोलापुरात वेबसाइट बनवते. आमचं ऑफिस म्हणजे एका कापडाच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की कॉम्प्युटरआधी माणूस बंद पडतो. सर, मी, आणि गेल्या वर्षी आलेली ती, एवढीच आम्ही माणसं. सर गिऱ्हाइकं आणतात, पानं मी लिहिते. ती येईपर्यंत मीच लिहीत होते.

माझे अण्णा, म्हणजे वडील, चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढावं लागतं. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रात चढवायची. भोक आलं की त्याचा धागा उचलला जातो. अण्णांनी असे कागद चाळीसेक वर्षं भरले. पट्ट्या माळेत ओवण्याआधी त्या कागदाशी एकेक ताडून बघायचं कामही त्यांच्याकडेच. हजारांतलं एक चुकलेलं भोक ते काढून दाखवायचे. कारखान्यात त्यांचा शब्द चालायचा. घरात ते फारसं बोलायचेच नाहीत.

आता मूळ दुखणं सांगते. अण्णांनी माझं काम कधी बघितलंच नाही. मी पहिली वेबसाइट केली तेव्हा फोन त्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, "छान हाय," आणि लगेच, "जेवलीस का?" नंतर मी सराफाची केली, शाळेची केली, द्राक्षबागायतदारांची केली. दर वेळी छान हाय आणि जेवलीस का. अहो, नावं ठेवली असती तरी चाललं असतं! पण नावं ठेवायला तरी आधी बघावं लागतं. मला त्यांच्याकडून एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं की तुझ्या हाताला सफाई आहे. कारखान्यातले कारागीर घरी कागद दाखवायला आले की ते त्यांना असं म्हणायचे. बाहेरच्या माणसांना मिळालेले ते शब्द मी घरात बसून ऐकले आहेत.

त्यांचे जुने कागद एका लोखंडी ट्रंकेत आहेत. मी एकदा मागितले होते, फोटो काढून ठेवते म्हटलं. "हात लावू नको, क्रम बिघडंल," असं उत्तर मिळालं. मी पुन्हा मागितले नाहीत. माझाही काही स्वाभिमान आहे की नाही?

तर ही मुलगी आली. अक्कलकोटच्या पुढे, दुधनीच्या बाजूचं गाव. घरी कन्नड, बाहेर मराठी, दोन्ही एकाच झपाट्यानं बोलणारी. वय बावीस. केसांना तेल, पायात साधी चप्पल आणि डोक्यात हे एवढं! सरांनी तिला माझ्याकडे शिकायला बसवलं. पहिल्या आठवड्यात मी तिला शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या पानांकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी हे जावास्क्रिप्टमदी का करताय? नुसत्या सीएसएसमदी हुतंय की आता."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

प्रकरण काय ते सांगते. पानावरच्या एखाद्या वस्तूवर माउस नेला की तिचा रंग बदलतो, हे कुणालाही जमतं. पण माउस एकीवर न्यायचा आणि बदल दुसरीत घडवायचा, ही खरी गंमत. सीएसएस ही पानाचा रंगढंग ठरवणारी भाषा. तिचा जुना नियम असा की माउस ज्या वस्तूवर आहे तिच्या पोटातल्या वस्तूला हुकूम देता येतो, किंवा तिच्यामागून येणाऱ्या भावंडांना. आधीच्या भावंडाला नाही, आईला नाही आणि दुसऱ्या घरातल्या कुणाला तर नाहीच नाही. म्हणून मी इतकी वर्षं जावास्क्रिप्टच्या वीस-पंचवीस ओळी लिहून ते काम करून घेत आले. नीट, एका रेषेत, सुबक ओळी. सगळ्या गिऱ्हाइकांकडे त्या अजून चालतात.

तिनं एका रंगाला एक ओळ लिहिली. 'हॅज' नावाची नवी सोय आली आहे, मला ती माहीत होती, पण वापरायला मी गेले नव्हते. दोन्ही वस्तू ज्या मोठ्या डब्यात आहेत त्या डब्यालाच ती विचारते: तुझ्यात कुठे लाल चौकोनावर माउस आहे का? असेल तर तुझ्यातली चादर लाल कर. बस्स. माझ्या पंचवीस ओळींवर तिनं एका दुपारी बोळा फिरवला. सर म्हणाले, "अरे वा!" मला सर बारा वर्षांत असं म्हणाल्याचं आठवत नाही.

सर म्हणाले तेही मी गिळलं असतं. पण पुढे जे झालं ते घशाखाली उतरेना.

चादरी बनवणाऱ्या एका मालकाचं काम आलं. त्यांना जुन्या नक्ष्यांचं पान हवं होतं: बाजूला सुताच्या रंगांचे चौकोन, मध्ये चादर, चौकोनावर माउस नेला की चादरीतला तो रंग उजळायचा. सर म्हणाले, "तुमचे वडील याच लाइनीत होते ना?" मी म्हटलं, "ते कुणाला काही दाखवत नाहीत." ती म्हणाली, "मी इचारू का?" मी मनात म्हटलं, जा, विचार, आणि घे तोंडावर आपटून.

रविवारी ती आमच्या घरी आली. पिशवीत तिच्या आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. लॅपटॉप उघडून अण्णांपुढे ठेवला. त्यात तिनं नमुना केला होता, तीन चौकोन आणि एका मोराची साधी चादर. "काका, ह्या लालवर माउस न्या." अण्णांनी नेला. चादरीतला मोर लाल झाला. अण्णांनी माउस काढला. मोर पांढरा झाला. परत नेला. परत लाल. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. मग चष्मा वर ढकलला आणि विचारलं, "बोट हितं, रंग तितं. मग मधली दोरी कुटं हाय?"

जॅकार्डला दोऱ्या असतात. वरच्या पट्टीतल्या भोकाचा आणि खालच्या धाग्याचा संबंध त्या दोरीनं जोडलेला असतो. बारा वर्षांत अण्णांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला होता, आणि तो मला नव्हताच विचारला! मी पुढे होऊन म्हटलं, "अण्णा, ते टेक्निकल असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती म्हणाली, "ही भाईरची मोठी चौकट हाय न्हवं काका, हीच दोरी. चौकोन बी हिच्या पोटात, चादर बी हिच्या पोटात. चौकोनाला माउस लागला की हिला कळतंय, मग ही चादरीला सांगती. दोगांतलं एक जरी भाईर पडलं तर काय चालत न्हाय."

"म्हंजे हे जॅकार्डच की गं!" अण्णा म्हणाले, आणि हसले. मग उठून आत गेले आणि ट्रंकेची किल्ली घेऊन आले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. आई म्हणाली, "तोंड का असं एरंडेल प्यायल्यागत?" मी म्हटलं, "काही नाही." आई म्हणाली, "दप्तर आणलं वाटतं कुणीतरी." आईला माझं सगळं कळतं, याचाही मला राग येतो.

त्यानंतर दर रविवारी ती यायची. अण्णा कागद क्रमानं लावून द्यायचे, ती फोटो काढायची. दोघं कन्नडमध्ये बोलायची. सोलापूरच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मराठी, तेलुगू, कन्नड सगळंच येतं. मला कन्नड येत नाही. माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या हसण्याचं कारण मला दुसऱ्याला विचारावं लागायचं, आणि मी ते विचारायची नाही. एक दिवस ती काका म्हणायची थांबली आणि अण्णा म्हणायला लागली. कुणी परवानगी दिली? कुणालाच काही वाटलं नाही. एका रविवारी ती गावी गेली होती, तर अण्णा दारात दोनदा जाऊन आले आणि मला म्हणाले, "आज पोरगी आली न्हाय व्हय?" मी म्हटलं, "पोरगी इथंच आहे की अण्णा, चौतीस वर्षं झाली." ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता वाईट भागाकडे येते.

पान तयार झालं. सोमवारी मालक बघायला येणार होते, म्हणून शनिवारी दुपारी अण्णांनी ऑफिसात येऊन एकदा सगळं नजरेखालून घालावं असं ठरलं. सर पुण्याला गेले होते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या गाडीची चावी द्या की. अण्णांना घिऊन येते."

माझी गाडी, माझे अण्णा, आणि मागे बसवून आणणार ती. मी हसून चावी दिली. ती जिना उतरली, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.

काय करायचं हे मला शोधावं लागलं नाही. तिनंच तर अण्णांना सांगितलं होतं. पानाचा सांगाडा उघडला. मोठ्या डब्याची सुरुवात वर होती, शेवट पार खाली. डबा मिटवणारी ती शेवटची खूण मी उचलली आणि चादरीच्या आधी नेऊन ठेवली. चौकोन डब्यात राहिले, चादर बाहेर पडली. दोरी तुटली. दिसायला पान अगदी तसंच, फक्त माउस नेला की काही घडणार नाही. मला तिला अण्णांपुढे गोंधळलेली बघायचं होतं. एवढंच. सोमवारच्या आत मी सगळं परत जागेवर ठेवणार होते, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मग मी एक वेडेपणा केला. तिचं लिहिणं भारी अघळपघळ. एक ओळ पार डावीकडे चिकटलेली, दुसरी मध्यावर, तिसरी कुठेही. काम बिनचूक, पण मांडणीचा पत्ता नाही. डब्यातल्या ओळी एक पायरी आत लिहायची रीत असते, म्हणजे चादर डब्याबाहेर आली की तिच्या ओळी एक पायरी मागे यायला हव्यात. माझा हात राहवेना. त्या आठ-दहा ओळी मी सरळ रेषेत लावल्या, एकाखाली एक. दुसऱ्याचं काम बिघडवताना मी ते नीटनेटकं करून ठेवलं. तेव्हा माझ्या हे लक्षातही आलं नाही. मी उठून माझ्या जागेवर गेले आणि पाणी प्यायले.

अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्या ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते, आणि तेही तिच्या कामासाठी! तिनं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. पडद्यावर त्यांचा मोर होता, त्यांच्या कागदावरचा. अण्णांनी माउस लालवर नेला.

काही झालं नाही. निळ्यावर नेला. काही नाही.

"असं कसं?" ती म्हणाली. "सकाळी चालत हुतं की." तिचं तोंड एवढंसं झालं. ती रंगांच्या ओळी उघडून बसली, तीच तीच ओळ पुसून पुन्हा लिहायला लागली. घोळ सांगाड्यात होता, ती शोधत होती रंगात. मला वाटलं होतं मला मजा येईल. थोडी आलीही, खोटं कशाला बोलू? पण तिचे डोळे भरायला लागले तेव्हा ती मजा गेली. तरी मी सांगून टाकलं नाही. म्हटलं, थोड्या वेळानं मलाच चूक सापडल्यासारखं करीन, माझंच नाव होईल.

अण्णा शांत होते. ते म्हणाले, "पोरी, रडू नको. सगळं कागदावर काढ."

तिनं सांगाड्याचं प्रिंट काढलं. अकरा पानं झाली. अण्णांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल मागून घेतली. त्यांना इंग्रजी येत नाही, अक्षरं ओळखतात. त्यांनी तिला फक्त तीन गोष्टी विचारल्या: डबा उघडतो ती खूण कोणती, मिटतो ती कोणती आणि चादर कुठल्या अक्षरांनी लिहिली आहे. मग पट्ट्या ताडून बघायचे तसे बसले. एक उघडणारी खूण, तिची मिटणारी खूण, दोघींना जोडणारी कमान. पुढची उघडणारी, पुढची मिटणारी. मध्येच मागे जायचे, बोट ठेवायचे, पुन्हा पुढे. पंख्याचा वारा कागद उडवायचा, तर मी ते धरून बसले होते. दुसरं काय करणार? ज्या कागदावर माझी लबाडी छापली होती तोच मी माझ्या हातानं घट्ट धरून ठेवला होता.

चौथ्या पानावर पेन्सिल थांबली. अण्णा बराच वेळ तिथंच बघत राहिले. मग त्यांनी पाचवं पान बाजूला ठेवून बघितलं, तिसरं बघितलं, आणि पुन्हा चौथं.

"दोरी हितं तुटली हाय," ते म्हणाले. "ह्यो डबा लौकर मिटलाय. चादर भाईर राह्यली."

ती वाकून बघायला लागली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगंबाई, व्हय की! माझाच हात घसरला असणार अण्णा. सकाळी घाईत बसले हुते."

"हात घसरून असं हुत न्हाय," अण्णा म्हणाले. ते वर बघत नव्हते. "घसरला तर एक घर चुकतंय. हितं खालच्या ओळी बघ, कशा मागं घिऊन सरळ बशिवल्यात. तुझं बाकीचं लिहिणं बघ आन् हे बघ."

आमच्या ऑफिसात पानं लिहिणाऱ्या दोनच बायका. एकीला अजून काही कळलं नव्हतं आणि दुसरी मी होते.

"मी केलं," मी म्हणाले. "तू चावी घेऊन गेलीस तेव्हा. मुद्दाम केलं."

तिनं पुढे होऊन माझा हात धरला. "ताई, माझी चूक तुमी का अंगावर घेताय? अण्णा मला रागावतील म्हणून व्हय? न्हाय रागावत ते." आणि तिच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते माझ्या चांगुलपणाचं होतं. मला वाटलं, हिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मी अण्णांकडे बघितलं. निदान त्यांनी तरी मला यातून सोडवावं.

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चौथं पान उचललं, उजेडाकडे धरलं आणि माझ्या त्या आठ-दहा ओळींवरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश. चाळीस वर्षं कागद तपासणारा माणूस तपासतो तसं. रागावले नव्हते. रागावले असते तर मला पुढचं इतकं लागलं नसतं.

"ती खोटं बोलत न्हाय," ते त्या मुलीला म्हणाले. "हे तिचंच हाय. बघ की, किती सफाईचा हात हाय. शिकाऊ माणसाला असं जमत न्हाय."

बारा वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली होती ते हे शब्द. आणि लाज सोडून सांगते, तिचा हात माझ्या हातातून सुटत होता, अण्णा पान खाली ठेवत होते, आणि मला आतून बरं वाटलं.